लिलावातल्या जुन्या रेकॉर्ड्सचं पॅकिंग: एलपी काठावर पास, तवे नापास

ईबे इंडिया ही ऑनलाइन लिलावाची साइट 2018 मध्ये बंद झाली. आता जुन्या रेकॉर्ड्सच्या बोल्या बऱ्याचशा व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुकच्या ग्रुपवर लागतात. माल चांगला निघतो, भावही पुष्कळदा दुकानापेक्षा बरा पडतो. बोंब आहे ती पॅकिंगची. मुंबई-कोलकात्याहून नागपुरात येणाऱ्या पार्सलांना गुण द्यायचे तर व्हिनाइलच्या, म्हणजे प्लास्टिकच्या, एलपी रेकॉर्ड्स काठावर पास. लाखेचे तवे, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या (78 आरपीएमवाल्या) जुन्या रेकॉर्ड्स, सरळ नापास.

याला विक्रेत्याचा निव्वळ कंजूषपणा कारणीभूत नाही. बहुतेक कुरिअरवाले खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 5000 नं भागतात. ते वजन आणि काट्यावरचं वजन यांत जे जास्त, त्याचे पैसे लावतात. दहा इंची दहा तवे साधारण दोन किलो भरतात. ते 40 बाय 40 बाय 20 च्या खोक्यात नीट बसवले, की हिशेब 6.4 किलोचा होतो. तेच 30 बाय 30 बाय 8 मध्ये कोंबले की दोन किलोतच भागतं. पैसे वाचतात ते नेमके कडेच्या मोकळ्या जागेचे, आणि तवा फुटतो तोही कडेलाच. वर ‘काच आहे, सांभाळून’ असं लाल शाईनं लिहिलेलं असतं. पट्ट्यावरून घसरत जाणाऱ्या पार्सलला ते कोण वाचून दाखवणार?

तवा वाकत नाही, तडकतो. त्याला दणक्यापेक्षाही आतल्या आत हलण्याचा धोका जास्त. विक्रेते बबल रॅपचे चार वेढे मारतात आणि कोपरे तसेच सोडतात; खोकं कोपऱ्यावर पडलं की सगळ्या गठ्ठ्याची कड एकदम आपटते. दुसरी हमखास चूक म्हणजे दहा आणि बारा इंची तवे एकाच गठ्ठ्यात बांधणं. लहान तव्याच्या काठाचा दाब मोठ्यावर येतो आणि मोठा त्याच रेषेत तुटतो. वर्तमानपत्राचे बोळे निघताना टणक असतात, पण नागपूर येईपर्यंत बसून जातात आणि गठ्ठा खुळखुळायला लागतो.

योग्य बांधणी अशी. प्रत्येक तवा स्वतःच्या कागदी पाकिटात, दोन तव्यांमध्ये पुठ्ठा. एका गठ्ठ्यात एकाच मापाचे दहापेक्षा जास्त नकोत. गठ्ठ्याच्या वर-खाली पन्हळी पुठ्ठ्याचे दोन-दोन चौकोन, तव्यापेक्षा चारी बाजूंनी इंचभर मोठे. एकाच्या पन्हळी उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या, म्हणजे पुठ्ठा कुठल्याच बाजूनं दुमडत नाही. तव्यांच्या कडेभोवती उरलेल्या त्या इंचात कागदाच्या घट्ट वळकट्या. हे सगळं टेपनं आवळून आतल्या खोक्यात, आणि ते खोकं बाहेरच्या खोक्यात, सहाही बाजूंनी पाच सेंटिमीटर भराव ठेवून. बंद केल्यावर खोकं हलवून पाहायचं. आवाज आला, तर पुन्हा उघडायचं.

एलपीचं प्रकरण सोपं आहे, तरी एक चूक बहुतेक जण करतात: रेकॉर्ड कव्हरमध्येच ठेवून पाठवतात. प्रवासात ती वर-खाली आपटत राहते आणि कव्हरची शिवण आतून फाडते. कव्हर फाटलं की संग्राहकाच्या लेखी किंमत पडलीच. रेकॉर्ड आतल्या पाकिटासह बाहेर काढून कव्हरच्या मागे ठेवायची, दोन्ही मिळून एका पिशवीत. कव्हरवर थेट टेप लावणाऱ्याकडून पुन्हा काही घेऊ नये, हे आमचं स्पष्ट मत.

नागपूरला आणखी एक भानगड आहे, उन्हाची. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि उन्हात उभ्या बंद गाडीतलं तापमान त्याहून पुष्कळ पुढे. व्हिनाइल 60 अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं आणि वर वजन असेल तर दबलेल्या, वाकड्या आकारातच बसतं. कितीही बबल रॅप असो, इथे तो कामाचा नाही. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ दिवसांच्या कडक उन्हात, एलपी मागवूच नये. बोली जिंकली तरी पैसे देऊन माल विक्रेत्याकडेच ठेवायला सांगावा आणि पाऊस पडल्यावर मागवावा. पावसाळ्यात मात्र आतल्या गठ्ठ्याला प्लास्टिकची पिशवी हवीच, कारण ओला पुठ्ठा आणि नसलेला पुठ्ठा सारखाच.

पॅकिंगचं बोलणं बोली लावण्याआधी करावं, जिंकल्यावर नव्हे. ‘दुहेरी खोकं कराल का, वेगळे पैसे देतो’ एवढं विचारावं आणि बंद करण्यापूर्वीचा फोटो मागावा. टाळाटाळ करणाऱ्याकडून तवे घेऊ नयेत. एलपीचा जुगार खेळता येईल.

पार्सल आलं की आधी सहाही बाजू व्हिडिओत घ्या, मग तो न थांबवता उघडा. पातं उथळ चालवा. तवा उजेडासमोर तिरपा धरून तपासा, कारण केसाएवढी चीर नुसती दिसत नाही. सुई खाली आल्यावर ती चीर दर फेऱ्याला ‘टक्’ करते. नियमित धंदा करणारा विक्रेता वर्णनाशी न जुळणारा माल परत घेत नसेल, तर ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवता येते. घरातला जुना माल एखाद्या वेळी विकणाऱ्याला ई-कॉमर्सचे 2020 चे नियम लागू होत नाहीत. तिथे तो व्हिडिओ आणि विक्रेत्याची लाज, एवढंच हाती असतं.

नागपुरातून माल पाठवणाऱ्यांसाठीही एक सूचना: संत्र्याची रिकामी खोकी वापरू नका. हवेसाठी त्यांना भोकं असतात आणि फळांच्या ओलाव्यानं पुठ्ठा आधीच मऊ पडलेला असतो. टीव्ही-मिक्सरच्या दुकानातलं कोरडं खोकं कापून घ्या.