बोट, चेहरा, पॅटर्न की पिन: फोनला कुलूप कुठलं लावायचं?

गेल्या महिन्यात आत्याला नवा फोन घेतला. दुकानातल्या मुलाने सिम घातलं, व्हॉट्सअ‍ॅप चालू करून दिलं आणि जाता जाता ठिपके जोडायच्या पॅटर्नचा लॉकही लावला: डावीकडून सरळ खाली, मग उजवीकडे. इंग्रजी एल. "काकी, विसरायचं नाही हं!" आत्या विसरली नाही, पण मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांनाही तो पाठ झाला असणार. घरी आल्यावर तिने विचारलं, "मग लावू तरी काय? बोट लावू की तोंड दाखवू?" नवा फोन घेणारे बरेच जण हेच विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी एक गैरसमज दूर करू. बोट किंवा चेहरा हे स्वतंत्र कुलूप नाहीच. त्याच्यामागे पिन, पॅटर्न किंवा पासवर्ड असावाच लागतो. फोन बंद करून पुन्हा चालू केला की तो बोट घेत नाही, पिनच मागतो. बोट चार-पाच वेळा चुकलं तरी पिन. फोनमधली माहिती ज्या किल्लीने बंद असते, ती किल्लीसुद्धा पिनशीच बांधलेली असते. ज्याला पिन कळला तो सेटिंगमध्ये जाऊन स्वतःचं बोटही नोंदवू शकतो. त्यामुळे पहिली निवड पिन की पॅटर्न हीच आहे. बोट की चेहरा हे नंतर.

कागदावर पॅटर्न तगडा वाटतो. नऊ ठिपक्यांतून ३,८९,११२ आकृत्या निघतात आणि चार आकडी पिनच्या शक्यता फक्त १०,०००. प्रत्यक्षात मात्र माणसं डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातून सुरुवात करतात आणि एल, झेड, यू अशी अक्षरं काढतात. शिवाय पॅटर्न बघणाऱ्याच्या डोक्यात चित्रासारखा बसतो. २०१७ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात सहा ठिपक्यांचा पॅटर्न एकदाच बघून सुमारे ६४ टक्के लोकांनी तो बरोबर काढून दाखवला. सहा आकडी पिनच्या बाबतीत हे प्रमाण ११ टक्के होतं. लोकलच्या गर्दीत आपला फोन शेजारच्याच्या नाकासमोर असतो, तेव्हा हा फरक फार मोठा आहे. काचेवरचा बोटाचा तेलकट माग तिरप्या उजेडात दिसतो, तो वेगळाच. पॅटर्न सोडवतच नसेल तर निदान रेघ दिसण्याची सेटिंग बंद करा. पण माझं मत विचाराल तर पॅटर्न काढूनच टाका.

पिन सहा आकडी. शक्यता १० हजारांवरून थेट १० लाखांवर जातात, आणि दोन जादा आकडे आठवडाभरात बोटांना सवयीचे होतात. जन्मतारीख, गाडीचा नंबर, १२३४५६ नको. आणि यूपीआयचा पिन तोच ठेवू नका, ही तर हात जोडून विनंती.

आता बोट. बोटाचा खरा फायदा हा की चारचौघांत पिन टाकावाच लागत नाही, म्हणजे बघणाऱ्याला काही मिळत नाही. चुकून दुसऱ्याच्या बोटाने फोन उघडण्याची शक्यता ५० हजारांत एक, असं अ‍ॅपल आपल्या टच आयडीबद्दल सांगते. बहुतेकांना ते पुरेसं आहे. अडचण येते ती हातांची. आत्याने उभा जन्म भांडी घासली, शेतात खुरपणी केली. रेशन दुकानातल्या मशीनवर तिचा अंगठा तीन-तीनदा टेकवावा लागतो, कधी पुसून, कधी दुसऱ्या हाताचा. फोनवरही तेच झालं. तिच्या अंगठ्यावरच्या रेषा मी जवळून पाहिल्या. मधला भाग पार गुळगुळीत झालाय. गवंडीकाम करणाऱ्यांना, सत्तरी ओलांडलेल्यांना हा अनुभव नवा नाही. बाकीच्यांनी एवढं करावं: दोन्ही हातांची बोटं नोंदवावीत, आणि सेन्सर स्क्रीनखाली असेल तर नवी काच बसवल्यावर बोट पुन्हा नोंदवावं. झोपेत कुणी आपलं बोट टेकवील अशी घरची परिस्थिती असेल, तर बोट लावूच नका.

चेहऱ्याच्या बाबतीत तुमचा फोन कुठला, यावर सगळं आहे. २०१७ च्या आयफोन टेनपासून आलेली फेस आयडी चेहऱ्यावर न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचे ३० हजारांहून जास्त ठिपके टाकून त्याची खोली मोजते. तिथे चूक होण्याची शक्यता कंपनी १० लाखांत एक सांगते. नजर फोनकडे नसेल तर तो उघडत नाही. स्वस्तातल्या बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये मात्र समोरचा साधा कॅमेराच चेहरा बघतो, आणि तुमच्यासारखं दिसणारं कुणी तो उघडू शकेल, असा इशारा पुष्कळदा फोन स्वतःच देतो. ओळखायचं कसं? बँकेचं अ‍ॅप बोट स्वीकारतं पण चेहरा स्वीकारत नाही, असं असेल तर तुमच्या फोनचा चेहरा सहसा कच्चा समजावा. अशा फोनवर तो लावू नये.

इतकं करूनही एक दार सताड उघडं राहतं: सिम. चोर फोन उघडायच्या भानगडीत पडतच नाही. सिम काढून आपल्या फोनात घालतो आणि तुमचे ओटीपी त्याच्याकडे यायला लागतात. डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे, मुदतीची तारीख आणि ओटीपी एवढ्यावर काही बँकांत यूपीआयचा पिन नव्याने घालता येतो, आणि फोनच्या पाकिटवजा कव्हरात लोक तेच कार्ड खोचून ठेवतात! कार्ड आजच बाहेर काढा. सिमला स्वतंत्र पिन लावता येतो, मग ते दुसऱ्या फोनात घातल्यावर किंवा फोन पुन्हा चालू केल्यावर तो मागितला जातो. मात्र कंपनीने घातलेला मूळ पिन ग्राहक सेवेला विचारून घ्या, अंदाजाने टाकू नका. तीनदा चुकला की पीयूके, म्हणजे अडकलेलं सिम उघडायचा वेगळा क्रमांक लागतो, आणि तोही दहादा चुकला की सिम कायमचं बाद. ई-सिम, म्हणजे फोनच्या आतच बसवलेलं सिम असेल, तर ते काढून नेण्याचा प्रश्नच येत नाही. या एका बाबतीत ते साध्या सिमपेक्षा सरस आहे. आणि सिम कुठलंही असो, लॉक असलेल्या पडद्यावर मेसेजचा मजकूर दिसू देऊ नका, नाहीतर ओटीपी लॉक न उघडताच वाचता येतो.

फोन गेलाच तर आधी सिम बंद करा, मग बँक. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. पोलिसात तक्रार दिल्यावर संचार साथी या सरकारी पोर्टलवरून हँडसेट ब्लॉक करता येतो.

मी स्वतः सहा आकडी पिन आणि वर बोट असं ठेवलंय. आत्याला बोट नाही, चेहरा नाही. नुसता सहा आकडी पिन आणि सिमलाही पिन. पहिले दोन दिवस ती वैतागली. आता एसटीत पदराआड फोन धरते, अंगठ्याने सहा आकडे दाबते आणि मगच मान वर करते.