गाडीची डुप्लिकेट चावी: एकाच मशीनवरच्या दोन चाव्या, पावसाळा ते उन्हाळा वापरल्यावर

डुप्लिकेट चावी करायची म्हटलं की सगळे पहिल्यांदा विचारतात, चांगला चावीवाला कुठं आहे. माझं मत आता पक्कं झालंय की त्याच्या आधी चावी कशावरून कापून घेणार ते ठरवा. एकाच दुकानात, एकाच मशीनवर, एकाच जातीच्या ब्लँकवर (दात न कापलेल्या कोऱ्या चावीवर) कापलेल्या दोन चाव्या माझ्याकडे गेल्या पावसाळ्यापासून आहेत. एक कुठंही न अडता फिरते. दुसरी मी वापरातून काढून टाकली.

गाडी म्हणजे मोटारसायकल, २०१४ ची, १२५ सीसी, एमएच-०९, कोल्हापूर पासिंग. घर शाहूपुरीत आणि काम शिरोली एमआयडीसीत, मशीन शॉपला. म्हणजे रोजचं जाणं-येणं हायवेचं, धूळ आणि पाऊस दोन्ही भरपूर. नवी घेताना दोन चाव्या मिळाल्या होत्या. एक रोजची झाली आणि दुसरी आईनं कपाटात ठेवली, ती तशीच कोरी राहिली. धाकटा भाऊ राधानगरीहून आला की गाडी घेऊन जातो, म्हणून जादा चाव्या हव्या होत्या. त्यानं जाता जाता लक्ष्मीपुरीतल्या एका मशीनवाल्याकडे थांबून रोजच्या चावीवरून एक करून घेतली. पुढच्या रविवारी मी तिथंच कपाटातली चावी घेऊन गेलो. एका चावीचे १०० रुपये, आणि काम चहा येईपर्यंत झालं.

मशीनवाल्यानं माझी चावी हातात घेतल्या घेतल्या विचारलं, "ही कुठनं काढली दादा? एकदम कोरी हाय की."

"कपाटातली आहे."

"मग अशीच आणायची बघा. तुमच्या भावानं आणली ती लई झिजलीया. मी म्हटलं त्याला, चालंल पण टाकीच्या झाकणाला त्रास देईल. पोरगं घाईत होतं."

हे त्यानं आपणहून सांगितलं, आणि पुढं अगदी तसंच झालं.

मशीन कसं चालतं ते तिथं उभं राहून बघण्यासारखं आहे. चावी घट्ट धरणारे दोन वाईस शेजारी शेजारी असतात. एकात नमुन्याची चावी, दुसऱ्यात कोरा ब्लँक. नमुन्याच्या दातांवरून एक गाईड सरकत जातो आणि त्याच मापानं शेजारचा गोल कटर ब्लँक खात जातो. गाईडला दिसतं तेवढंच कटर कापणार. दात कंपनीतून निघाला तेव्हा किती उंच होता, हे त्या मशीनला कळायला काही मार्ग नाही. त्यातून वाईसमध्ये चावी एक केसभर जरी तिरकी बसली तरी तेवढा फरक नव्या चावीत उतरतो. झिजलेल्या चावीवरून केलेली चावी म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स.

कामावर बारीक मापं घ्यायचा व्हर्निअर हाताशी असतो, म्हणून दोन्ही मूळ चाव्या मोजल्या. रोजच्या चावीचे दात कोऱ्या चावीपेक्षा काही ठिकाणी पाव मिलिमीटरच्या आसपास उतरलेले होते, आणि सगळ्यात जास्त शेंड्याकडे. नुसत्या डोळ्याला कडा जरा गोल झाल्यासारख्या वाटतात, एवढंच. पण गाडीच्या लॉकमध्ये आत पातळ पितळी पट्ट्या असतात, प्रत्येकीखाली बारीक स्प्रिंग. चावी आत गेली की प्रत्येक पट्टी दातांप्रमाणे वर-खाली होऊन सिलिंडरच्या बरोबरीला यावी लागते, तेव्हाच लॉक फिरतं. एक पट्टी जरी किंचित बाहेर राहिली तरी अडकलंच.

आता वापराचं. भावाच्या चावीनं इग्निशन पहिल्या दिवसापासून फिरलं. हँडल लॉकही लागलं. पेट्रोलच्या टाकीचं झाकण मात्र पहिल्याच दिवशी अडलं, चावी थोडी वर उचलून हलवली की उघडायचं. साइड पॅनलचंही तसंच. माझी चावी चारही ठिकाणी सरळ गेली आणि सरळ फिरली.

इग्निशनला चालणारी चावी झाकणाला का चालत नाही, हा प्रश्न बरेच जण विचारतात. इग्निशन दिवसातून कितीतरी वेळा फिरतं, त्यामुळं चावीबरोबर आतल्या पट्ट्याही झिजत जातात आणि त्या लॉकला झिजकी चावी गोड लागते. टाकीचं झाकण आठवड्याला एकदा उघडतं, साइड पॅनल तर महिनोन्‌महिने नाही. त्यांच्या पट्ट्या अजून कोऱ्या, त्यांना माप बरोबर लागतं. म्हणून चावी घेताना दुकानासमोरच गाडी लावून सगळी लॉकं फिरवून बघा. नुसती गाडी चालू झाली म्हणून पैसे देऊन निघू नका. हँडल लॉक तर नीट लागतंय का ते बघाच.

पावसाळ्यात फरक वाढला. जुलैत शिरोलीहून येताना गाडी रोज चिंब व्हायची. भावाच्या चावीनं झाकण उघडायला आता पंपावर रांगेत मागचे हॉर्न वाजवेपर्यंत वेळ लागायचा. आणि एक गोष्ट मला धोक्याची वाटली: गाडी चालू असताना, स्विच ऑनवर असताना, ती चावी हलक्या हातानं ओढली तरी बाहेर यायची. झिजलेलं इग्निशन आणि त्यात झिजकीचं माप, दोन्ही मिळून चावीला धरून ठेवणारं काही उरत नाही. खड्ड्यात ती गळून पडली तर गाडी चालूच राहील, पण चावी हायवेवर. त्यानंतर ती मी बाजूला काढली आणि भावाला कपाटातल्या चावीवरून नवीन करून दिली. तुमच्या गाडीचं हे एकदा उभ्या-उभ्या तपासून बघा.

माझ्या चावीची तक्रार म्हणावी तर एकच. दिवाळीच्या सुमाराला काळी प्लॅस्टिकची मूठ पात्यावर किंचित खेळायला लागली. पातं पितळेचं आहे, वर निकेलचा मुलामा, दातांच्या कडांना आता पिवळा रंग दिसतो, तो चालायचाच. स्वस्तातला हलका ब्लँक मात्र घेऊ नका. हँडल लॉक जाम असेल आणि जोर लावला तर तो मुठीजवळच्या खाचेपाशी तुटतो, आणि तुकडा आत राहिला की शंभराचं काम हजारावर जातं. दुकानात चार ब्लँक हातात घेऊन बघा, वजनातच कळतं. आणि कापून झाल्यावर दातांवर बोट फिरवा. धारदार बर, म्हणजे कापताना कडेला उरलेली धातूची कुसळं, राहिलेली असेल तर वायर ब्रश मारून द्यायला सांगा, नाहीतर तोच कचरा लॉकमध्ये जाऊन बसतो.

लॉकमध्ये तेल घालायची आपल्याकडे सवय आहे. चार दिवस मस्त वाटतं, मग त्याच तेलाला धूळ चिकटून आत काळा चिखल होतो. फाउंड्रीच्या भागात ज्यांची गाडी उभी राहते त्यांना तर हे फार लवकर दिसतं. मी ग्राफाइट पावडर वापरतो. नसेल तर साध्या पेन्सिलीचं शिसं चावीच्या दातांवर घासून चावी आत-बाहेर करायची, तेही चालतं. २०१९ च्या आणि २०२१ च्या पुरात ज्यांच्या गाड्या पाण्याखाली होत्या, त्यांच्या लॉकची गोष्ट वेगळी. आत गाळ बसलेला असतो, तो आधी स्वच्छ पाण्यानं धुऊन काढल्याशिवाय चावीवर जोर लावू नये.

सगळ्या चाव्या हरवल्या तर काय, तेही या काळात जवळून बघितलं. आमच्या गल्लीतल्या एका काकांच्या गाडीची एकुलती एक चावी जोतिबाला गर्दीत पडली. गाडी कुणाच्या तरी टेम्पोतून घरी आणली. महाद्वार रोडच्या बाजूला बसणारे एक वयस्कर चाचा आले, कानस आणि ब्लँकचा जुडगा घेऊन. आधी आरसी मागितली. काकांनी मोबाईलवर डिजीलॉकरमधली दाखवली, चाचांनी गाडीचा नंबर ताडून बघितला, मगच ते खाली बसले. ब्लँक लॉकमध्ये घालायचा, जरा दाब द्यायचा, बाहेर काढून उन्हाकडं धरून बघायचं, कानशीचे दोन-चार हात मारायचे, पुन्हा आत. पट्ट्यांचे केसाएवढे ठसे ब्लँकवर उठतात, तेवढ्यावरून दात काढत जायचे. बोलणं बंद, नजर सगळी त्या ठशांवर. तासाभरात इग्निशन फिरलं. अशा हाताला ५०० रुपये महाग नाहीत, काकांनी वर चहा आणि भडंग दिलं.

त्या चावीनं टाकीचं झाकणही उघडलं, पण चाचांनी जाताना बजावलं, "हिच्यावरनं आजच मशीनची एक करून ठेवा, आणि हीच जपा." काका दुसऱ्याच दिवशी मशीनवाल्याकडे जाऊन आले.

ज्यांची स्कूटर आहे त्यांनी एक लक्षात ठेवा. इग्निशनच्या भोकावर चुंबकाचं शटर असेल तर चावीच्या मुठीत चुंबक असतो आणि त्याची रचना शटरशी जुळावी लागते. नुसते दात कापून आणले तर शटर बंद करता येईल, उघडता येणार नाही. चिपवाल्या चावीचंही तसंच, दात जुळले तरी चिपची नोंद गाडीच्या कंट्रोल युनिटमध्ये झाल्याशिवाय इंजिन चालू होत नाही. ती कामं रस्त्यावर होत नाहीत.

मूळ चाव्या टाकून देऊ नका, झिजलेली असली तरी. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी क्लेमच्या वेळी कंपनीच्या दोन्ही मूळ चाव्या मागते. एक हरवली असेल तर त्याच वेळी पोलीस ठाण्यात हरवल्याची नोंद करून तिची प्रत विम्याच्या कागदात लावून ठेवलेली बरी. नव्या गाडीच्या चावीबरोबर नंबर खोदलेला छोटा पत्रा मिळतो किंवा चावीवरच नंबर असतो, त्याचा आजच फोटो काढा. पुढं त्या नंबरावरून कोऱ्या मापाची चावी मिळवता येते.

माझं इग्निशन मात्र आता शेवटाला आलंय. कोरी चावी घातली तरी स्विच ऑनवर असताना ती ओढली की थोडी सरकते. नुसतं इग्निशन बदललं तर त्याची चावी वेगळी येणार, मग टाकीला एक आणि स्विचला एक. म्हणून पुढच्या सर्व्हिसिंगला पूर्ण लॉक सेटच टाकायला सांगितलंय, इग्निशन, झाकण आणि साइड पॅनल एकाच चावीचं. त्याच्याबरोबर ज्या दोन चाव्या येतील त्यातली एक थेट कपाटात जाणार, आणि रोजची त्याच दिवशी लक्ष्मीपुरीत कापून घेणार.