नगरपालिकांचे विलीनीकरण की सेवांची भागीदारी?
अमेरिकेतील पेन्सिल्वेनिया राज्याच्या एकट्या ॲलेगेनी काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग) 130 नगरपालिका आहेत. अशा ठिकाणी कारभार सुटसुटीत करण्याचे दोन मार्ग सुचवले जातात: नगरपालिकांचे विलीनीकरण, किंवा त्या तशाच ठेवून सेवा सामायिक करणे.

विलीनीकरणाचे ठळक उदाहरण केंटकीतील लुईव्हिलचे आहे. 2000 साली मतदारांनी कौल दिल्यानंतर 2003 मध्ये शहर आणि जेफरसन काउंटी यांचे सरकार एक झाले. मात्र काउंटीतील अनेक छोटी शहरे आपापली परिषद राखून राहिली, त्यामुळे ‘एक सरकार’ हे वर्णन पूर्णतः खरे ठरत नाही. या मार्गाचे खरे बळ नियोजनात आणि करांच्या वाटणीत आहे, कारण श्रीमंत वस्तीचा महसूल गरीब वस्तीच्या रस्त्यांपर्यंत पोहोचू शकतो. बचतीचे आश्वासन मात्र सावधपणे घ्यावे, कारण कर्मचाऱ्यांचे वेतन समान करताना ते बहुधा वरच्या पातळीवर आणावे लागते.

दुसऱ्या मार्गाचा नमुना कॅलिफोर्नियातील लेकवुडने 1954 मध्ये घालून दिला. हे शहर स्थापनेपासूनच पोलीस व इतर सेवा कराराने लॉस एंजेलिस काउंटीकडून घेत आले आहे. येथे स्थानिक परिषद आणि शहराची ओळख टिकते, शिवाय करार बदलताही येतो. परंतु नगरांमधील उत्पन्नाची दरी करारांनी बुजत नाही, आणि माझ्या मते हीच त्याची सर्वांत गंभीर उणीव आहे.

जिथे विषमता तीव्र आहे तिथे मी विलीनीकरणाच्या बाजूने आहे, पण मतदारांच्या संमतीनेच.