चार्जिंगचा नको, वायरीचा घ्या: गाडीत ठेवायच्या हवेच्या पंपाबद्दल

गाडीत ठेवायला हवेचा पंप घेणार असाल तर वायरीचा घ्या, चार्जिंगचा नको. हे सुरुवातीलाच सांगते, कारण दुकानात गेलात की आधी चार्जिंगचाच हातात देतात. तो दिसायला देखणा असतो, पर्समध्ये मावतो, मोबाइलच्या चार्जरवर चार्ज होतो. पण पंप ही वस्तू वर्षातले बहुतेक दिवस गाडीत नुसती पडून असते. मे महिन्यात उन्हात उभ्या राहिलेल्या बंद गाडीतला उकाडा लिथियम बॅटरीला मानवत नाही, आणि पडून पडून चार्जिंगही उतरतं. म्हणजे ज्या रात्री लागेल त्याच रात्री तो उपयोगी पडेल याची खात्री नाही. वायरीचा पंप गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालतो, पूर्वी सिगारेट लायटर असायचा त्याच जागेवर. गाडी सुरू होतेय तोवर पंपही सुरू होणार.

आमचं घर गुहागरला. नवरा जहाजावर असतो, त्यामुळे गाडी चालवणं आणि तिचं हवा-पाणी बघणं माझ्याकडेच. सासूबाईंचे डोळ्यांचे डॉक्टर चिपळूणला. आम्ही दोन खोल्या पर्यटकांना देतो, त्यांच्यासाठीचं घाऊक सामानही चिपळूणहूनच येतं. अंतर ४५ किलोमीटरच्या आसपास. मधे मार्गताम्हाने आणि शृंगारतळी सोडली तर पंक्चर काढणारा पटकन सापडत नाही, आणि अंधार पडल्यावर तर आशाच सोडायची. माहेर दापोलीकडे. धोपाव्याला गाडी फेरीबोटीत चढवायची, दाभोळला उतरायचं, आणि पुढे चढ-उतार, वळणं आणि दोन्ही बाजूंना झाडी. अशा रस्त्यांवर कुटुंबाची गाडी चालवणाऱ्या माणसाने हा पंप जवळ ठेवावा, असं माझं ठाम मत आहे.

कंपनीचं नाव देत नाही. एकाच घडणीचे पंप वेगवेगळी नावं छापून विकले जातात, तेव्हा घडणच बघून घ्यावा. दीड ते अडीच हजारांत चांगला मिळतो. हातात घेतल्यावर वजन जाणवलं पाहिजे, म्हणजे आतला सिलिंडर धातूचा असण्याची शक्यता जास्त. हवेच्या दाबाचा आकडा ठरवून दिला की तिथे आपोआप थांबणारा असावा. आणि दुकानातच वायर उलगडून बघा. सॉकेट पुढे असतं, आणि पंक्चर होतं बहुतेक मागचं चाक, कारण रस्त्यावर आडवा पडलेला खिळा पुढचं चाक उभा करतं आणि मागचं त्याच्यावर जातं. वायर आणि हवेची नळी मिळून मागच्या डाव्या चाकापर्यंत आरामात पोचली पाहिजे. माझ्या पंपाची वायर तीन मीटरची आहे आणि मागच्या दारातून बाहेर काढली की बरोबर पुरते. याहून आखूड असती तर मी परत केला असता.

आता प्रत्यक्ष काय झालं ते. गेल्या पावसाळ्यात सासूबाईंना तपासून आणत होते. मार्गताम्हाने मागे टाकलं आणि गाडी डावीकडे ओढायला लागली. स्टिअरिंग जड नव्हतं, पण सरळही राहीना. पाऊस बारीक पडत होता, दिवेलागण झाली होती. जागच्या जागी थांबले नाही. चारही इंडिकेटर लावून पहिल्या गिअरमध्ये पुढच्या एसटीच्या शेडपर्यंत गाडी नेली, तिथे साइडपट्टी रुंद आणि सपाट आहे. सासूबाईंना शेडमध्ये बसवलं. त्यांनी विचारलं, "स्टेपनी लावायची का गं? धरू का छत्री?" मी म्हटलं, "आई, थांबा, आधी हवा मोजू."

मागच्या डाव्या चाकात १८ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) हवा होती. मोबाइलच्या उजेडात चाक बघितलं, मधोमध एक खिळा रुतलेला, डोकं झिजून चकचकीत झालेलं. थुंकी लावून बघितलं तर बारीक बुडबुडे. तो खिळा मी तसाच ठेवला. इंजिन सुरू ठेवून पंप लावला, ३३ वर आकडा ठेवला, आणि दोनतीन मिनिटांत पंप आपसूक थांबला. तिथून बेताने चालवत शृंगारतळी गाठली. पंक्चरवाला शटर ओढतच होता. चाक बघून म्हणाला, "वहिनी, खिळा उपटला नाहीत ते झ्याक केलंत. उपटला असतात तर इथवर हवा टिकलीच नसती." त्याने टायर रिमवरून उतरवून आतून मशरूम पॅच, म्हणजे छत्रीसारखं रबरी ठिगळ, बसवला. बाहेरून सुईने रबरी दोरी खुपसण्यापेक्षा हे काम महाग पडतं, वेळही लागतो, पण चार माणसं बसवून घाट चढायचा असेल तर आतूनच करून घ्यावं.

पंपाचा खरा फायदा इथे आहे. पंक्चर फार वेळा असंच असतं, खिळ्याचं, हळूहळू हवा सोडणारं. त्याच्यासाठी पावसात, अंधारात, जांभ्याच्या लाल चिखलात गाडी जॅकवर घ्यायची गरज नसते. आपल्याकडच्या साइडपट्टीवर पावसाळ्यात जॅक उभा राहतच नाही. वजन आलं की तो खाली रुतायला लागतो आणि गाडी कलते. म्हणून मी डिकीत जॅकखाली घालायला फणसाच्या लाकडाची एक जाड फळी ठेवली आहे. पण फळी असूनही, जे काम हवा भरून दहा-बारा किलोमीटर निभावता येतं, त्यासाठी मी रस्त्याच्या कडेला वाकून बसणार नाही. वळणावर मागून येणाऱ्या डंपरला वाकलेलं माणूस दिसत नाही.

यावरून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. गाडी बंद पडली की आपल्याकडे मागे दगड मांडतात, झाडाची फांदी टाकतात. त्यात गैर काही नाही, त्रिकोणी रिफ्लेक्टर प्रत्येकाकडे नसतो. पण गाडी दुरुस्त झाली की माणसं निघून जातात आणि दगड रस्त्यातच राहतात. रात्री दुचाकीवरून येणाऱ्या पोराचा जीव त्या दगडावर जातो. कृपा करून दगड उचला, मगच गाडीत बसा. रिफ्लेक्टर घ्यायचा तर दोनतीनशे रुपयांत मिळतो. तो गाडीला चिकटून ठेवू नका, वळण असेल तर वळणाच्या अलीकडे ठेवा, म्हणजे येणाऱ्याला वळायच्या आधी कळेल.

पंपाच्या खोक्यात पंक्चर किट फुकट येतं, त्याची स्तुती करता येत नाही. सुईची मूठ प्लास्टिकची आहे, ट्यूबलेस टायरच्या तारांमधून सुई घालायला लागणारा जोर तिला झेपत नाही. किट हवंच असेल तर इंग्रजी टी अक्षरासारख्या धातूच्या मुठीचं वेगळं घ्या. आणि ते फक्त टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागासाठी. बाजूच्या भिंतीला भोक पडलं किंवा चीर गेली तर ना दोरी उपयोगाची ना पॅच, टायर बदलायचा. रस्त्याच्या तुटलेल्या डांबराची कड चाकाला बाजूने कापते तेव्हा नेमकं हेच होतं, आणि तिथे पंपही काही करू शकत नाही. तसंच, हवा पूर्ण गेलेल्या चाकावर गाडी थोडी जरी चालली असेल तर नुसती हवा भरून पुढे निघू नका. रिम आणि रस्ता यांच्यात चेपून टायर आतून फाटलेला असतो, बाहेरून कळत नाही.

म्हणजे स्टेपनीला पर्याय नाही. मुद्दाम लिहिते, कारण २०२० साली केंद्राने नियम बदलला आणि ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असलेल्या गाड्यांना स्टेपनीशिवाय विकायला परवानगी मिळाली. शहरात ठीक असेल. कोकणात राहणाऱ्याने नवी गाडी घेताना डिकीचा तळ उचलून बघावा, खाली चाक आहे की नुसता डबा आहे. आणि चाक असेल तर त्यात हवा आहे का. आमच्या शेजारच्या भाऊंनी गणपतीत मुंबईहून येताना स्टेपनी काढली तर तीच बसलेली. महिन्यातून एकदा, सकाळी गाडी हलवायच्या आधी, टायर थंड असताना मी चारही चाकं आणि स्टेपनी मोजते. किती हवा ठेवायची तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. बहुतेक लहान गाड्यांना तो ३० ते ३६ पीएसआयच्या मधला असतो. टायरच्या भिंतीवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा, तो धरून भरू नये. पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळते, पण आमच्या भागात ते यंत्र अनेकदा बंदच असतं, आणि पोचेपर्यंत टायर तापून आकडा वर गेलेला असतो. घरच्या पंपाने हा प्रश्न सुटला.

आणखी एक उपयोग मला पाहुण्यांमुळे कळला. पुण्याच्या एका कुटुंबाने गाडी थेट पुळणीवर नेली आणि चाकं रुतली. वाळूत गाडी घालू नये, हे आम्ही सांगतोच. ती रुतल्यावर जितका रेस द्याल तितकं चाक खाली जातं. मी चारही चाकांची हवा पंधरा-सोळापर्यंत सोडायला लावली, टायर पसरला, मागून चौघांनी ढकललं आणि भरती यायच्या आत गाडी वर आली. पण तेवढ्या हवेवर ती रस्त्याला लावता येत नाही, टायर रिमवरून सुटू शकतो. पंपाने एकामागोमाग चारही चाकं भरली. दोन चाकं झाल्यावर दहा मिनिटं पंप थांबवला, कारण या लहान कॉम्प्रेसरला सलग पंधरा मिनिटांच्या वर चालवलं तर मोटर जळते. मग विहिरीच्या गोड्या पाण्याने गाडी खालून धुवायला लावली. खारं पाणी आणि वाळू तशीच राहिली तर ब्रेकच्या नळ्या आणि सायलेन्सर गंजून जातात. फेरीबोटीतून आल्यावर मी स्वतःची गाडीही अशीच खालून धुते.

आता पंपाचे दोष. आवाज मोठा आहे, रात्री अंगणात लावला तर वाडीतली कुत्री उठतात. चालताना थरथरून सरकत जातो, म्हणून त्याच्याखाली पायपुसणं घालते. सगळ्यात त्रासाची गोष्ट म्हणजे तोंडाकडची पितळी नळी. ती व्हॉल्ववर आटे फिरवून बसवायची असते, हवा भरेपर्यंत चांगलीच तापते, आणि काढताना आटे सुटेपर्यंत थोडी हवा निघून जाते. जाड फडक्याने धरायची आणि आकडा एक-दोनने जास्त ठेवायचा, हा त्याच्यावर उपाय. खटक्याने लागणारं तोंड असलेला पंप मिळाला तर तोच घ्यावा. उन्हात आकडे दिसत नाहीत, हाताने सावली करावी लागते. आणि बटण चुकून दाबलं गेलं तर पीएसआयचं बार होतं. १ बार म्हणजे साडेचौदा पीएसआय. सुरू करण्याआधी एकक बघायचं, हे घरातल्या सगळ्यांना शिकवून ठेवा.

पंप साधारण आठ ते दहा अँपिअर ओढतो. त्याच सॉकेटला जोडणी लावून मोबाइल चार्ज करू नका, फ्यूज जाईल. जादा फ्यूज दहा-वीस रुपयांना मिळतो, पंपाच्या पिशवीतच ठेवावा. आणि वायरीचा पंप घेतला म्हणजे गाडीच्या बॅटरीकडे लक्ष आलंच. आपल्या खाऱ्या हवेत टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड फार लवकर जमते. आधी काळी वायर, मग लाल, अशी सोडवून कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासायची, कोरडी करून लाल आधी जोडायची, वर व्हॅसलीन लावायचं. हातमोजे घालून, अर्ध्या तासाचं काम.

रोडसाइड असिस्टन्स असताना पंप कशाला, असं नणंदेने विचारलं होतं. विम्याबरोबर आम्हालाही तो मिळाला होता. एकदा फोन केला तेव्हा पलीकडच्या बाईंना गावाचं नाव तीनदा सांगूनही सापडलं नाही, आणि माणूस यायला दोन तास लागतील म्हणाल्या. पुढे घाटात रेंज गेली, फोनच तुटला. मुंबई-गोवा महामार्गावर १०३३ आहे, कुठेही ११२ आहे, रुग्णवाहिकेला १०८ आहे. हे नंबर मी सनशेडच्या मागे कागदावर लिहून चिकटवले आहेत, कारण धावपळीत आठवत नाहीत. मदत लागली तर मागावीच. पण हवेसाठी दोन तास म्हाताऱ्या माणसाला रस्त्यावर बसवायचं नाही.

पंप डिकीत तळाला ठेवू नका. गणपतीत डिकीत मखर, आरास, पिशव्या, वर नारळ. तिथून तो काढायला सगळं सामान पावसात उतरवावं लागतं. माझा ड्रायव्हरच्या मागच्या सीटखाली असतो, पिशवीत फडकं, फ्यूज आणि विजेरी.

स्कूटरलाही चालतो, फक्त आकडा स्कूटरच्या पुस्तिकेत बघून ठेवा आणि स्कूटर गाडीजवळ आणावी लागते. मुलाच्या सायकलला भरताना मात्र जवळ उभं राहा, तिच्या ट्यूबमध्ये हवा इतकी कमी मावते की आकडा झर्रकन वर जातो.