एका टेबलावर दोन दप्तरं: आयबीची चौथी आणि बालभारतीची चौथी

मामेभावाला मुलीचं नाव पहिलीला कुठे घालावं हे ठरवता येत नाहीये. बाणेर-हिंजवडीच्या रस्त्याला दर चौकात एका 'इंटरनॅशनल'चा फलक दिसतो. बायको म्हणते, बघून तरी येऊ. सासरे म्हणतात, आपण सगळे मराठी शाळेत शिकलो, कुणाचं काय अडलं? त्याने मला विचारलं, कारण गेल्या ऑगस्टमध्ये ताई कामासाठी बाहेरगावी गेली तेव्हा भाची आठवडाभर आमच्या औंधच्या घरी होती. ती आयबीच्या शाळेत चौथीला. आमचे चिरंजीव राज्य मंडळाच्या मराठी माध्यमाच्या शाळेत, तेही चौथीला. रोज संध्याकाळी दोन दप्तरं एकाच टेबलावर उघडायची. शाळा बघायला गेलं की इमारत दिसते, तरणतलाव दिसतो. मला त्या आठवड्यात वह्या दिसल्या. म्हणून हे लिहिते आहे.

आधी फलकाबद्दल. नावात 'इंटरनॅशनल' असणं याला काही अर्थ नाही. आत सीबीएसई असू शकतं, केंब्रिज असू शकतं, राज्य मंडळही असू शकतं. आयबी म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, ही १९६८ मध्ये जिनिव्हात सुरू झालेली संस्था आहे. तिचा तीन ते बारा वर्षांच्या मुलांसाठीचा कार्यक्रम म्हणजे पीवायपी (प्रायमरी इयर्स प्रोग्रॅम), तो १९९७ पासूनचा. शाळेला हा कार्यक्रम शिकवायची मान्यता मिळालेली आहे की ती अजून 'कँडिडेट' म्हणजे उमेदवार आहे, हे आयबीच्या संकेतस्थळावर दोन मिनिटांत कळतं. प्रवेशाच्या टेबलावरची मुलगी 'आम्ही आयबी पद्धतीने शिकवतो' म्हणाली तर हसून मान डोलवावी आणि घरी येऊन ती यादी बघावी.

सोमवार. आमच्याकडे परिपाठ: राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष. मग ओळीने तास. भाषा, गणित, परिसर अभ्यास, इंग्रजी. वर्गात बावन्न मुलं आणि एक बाई. (शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक असं लिहिलेलं आहे, कायदा २००९चा आहे.) भाचीच्या वर्गात चोवीस मुलं, दोन शिक्षिका. सोमवारी सकाळी सगळे सतरंजीवर गोल करून बसतात आणि शनिवार-रविवारबद्दल बोलतात. ऐकायला हे फावल्या वेळचं वाटतं. पण भाची जेवताना समोरच्याचं पूर्ण ऐकून मग बोलत होती, आणि आमचे चिरंजीव प्रश्न संपायच्या आत हात वर करत होते. बावन्न मुलांत बाईंचं लक्ष जायला तेच करावं लागतं.

पीवायपीमध्ये या वयाला विषयांच्या वरती सहा मोठी सूत्रं असतात: आपण कोण आहोत, आपण कुठल्या जागी आणि काळात आहोत, आपण व्यक्त कसे होतो, जग कसं चालतं, आपण व्यवस्था कशी लावतो, आणि ही पृथ्वी सगळ्यांमध्ये कशी वाटून घेतो. वर्षभरात प्रत्येक सूत्राचं एक युनिट, साधारण सहा आठवड्यांचं. त्या काळात भाषा, गणित, विज्ञान शक्यतो त्या युनिटच्या भोवती फिरतं. भाचीचं तेव्हा 'व्यवस्था कशी लावतो' चालू होतं आणि विषय होता बाजार. वर्गाच्या एका भिंतीवर मुलांचे प्रश्न चिकटवलेले असतात. तिचा प्रश्न होता, 'टोमॅटोचा भाव कोण ठरवतं?'

बुधवारी पहाटे त्यांना गुलटेकडीच्या मार्केटयार्डात नेलं. मी साडेपाचला उठून डबा केला. संध्याकाळी ती आली ती चिखलाचे बूट आणि वहीत तीन पानं घेऊन. नारायणगावकडून आलेली गाडी, हमाल, आडते, तोलाई, सगळं तिने स्वतः विचारून लिहिलं होतं. शेवटच्या ओळीत मात्र भावाची जागा रिकामी. आडत्याने सांगितलं होतं, 'कॅरेट पावणेतीनशे.' गटातल्या सहा मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. पावणेतीनशे म्हणजे किती हे एकालाही माहीत नव्हतं, आणि बाई दुसऱ्या गटाबरोबर होत्या.

चिरंजीव खो-खो हसले. 'दोनशे पंच्याहत्तर!' मी विचारलं, कॅरेटमध्ये किती किलो? भाचीच्या वहीत होतं, वीस. त्याने कागद घेतला, भागाकार केला आणि म्हणाला, 'किलोला पावणेचौदा रुपये.' मग गप्प. त्याचं गणित सुटलं होतं. भाचीचं तिथे सुरू झालं. आपल्या कोपऱ्यावरचे काका तीसने का देतात? मधले सव्वासोळा कुठे गेले? तिने कागदावर बाणांची रांग काढली: शेतकरी, गाडीवाला, आडत्या, हमाल, किरकोळवाला, आपण. कुणाला किती मिळत असेल यावर दोघं नऊ वाजेपर्यंत भांडत होती. मी टीव्ही लावला नाही.

मला जे सांगायचं आहे ते त्या कागदावर आहे. आयबीची शाळा मुलाला प्रश्न विचारायला वेळ देते आणि घोटून घ्यायचं काम बऱ्याच अंशी घरावर सोडते. आमची शाळा घोटून घेते आणि प्रश्नांचं काम घरावर सोडते. दोन्हीकडे अर्धं काम घरी येतं. कुठलं अर्धं तुम्ही करू शकाल, त्यावर शाळा निवडा.

गुरुवारी उलटं झालं. आमच्याकडे परिसर अभ्यास भाग दोन, म्हणजे चौथीचं शिवछत्रपतींचं पुस्तक. महाराष्ट्रात शिकलेल्या माणसाला त्याबद्दल सांगायला नको. धडा तोरण्याचा. स्वाध्यायात रिकाम्या जागा, एका वाक्यात उत्तरे, कारणे लिहा. चिरंजिवांना सगळं पाठ. भाचीच्या शाळेत हे पुस्तक नाही, तिला तोरणा माहीत नव्हता. ती ऐकत होती आणि मध्येच म्हणाली, 'किल्ला घेतला, पण तिथल्या सैनिकांना पगार कोण देणार?' चिरंजीव गडबडले. मग पान उलटून ओरडले, 'किल्ल्यावर मोहरांच्या घागरी सापडल्या ना! पुस्तकात आहे!' ते वाक्य त्याने दहा वेळा वाचलं असेल. त्याचा पगाराशी संबंध आहे हे त्याला त्या दिवशी कळलं. आणि तोरणा आमच्या घरापासून दोन तासांवर आहे, पण शाळेची सहल गेली होती वॉटर पार्कला.

बाकी आठवडा भराभर सांगते. मंगळवारी भाचीकडे संगीत, पोहणं, ग्रंथालय. आमच्याकडे पीटीचा तास गणिताला दिला. खेळ आणि कला यांत तुलना करण्यात अर्थ नाही, तिकडे सोयी आहेत आणि इकडे मैदान शेजारच्या मंगल कार्यालयाबरोबर वाटून घेतलेलं. शुक्रवारी आमच्याकडे घटक चाचणी, वीस गुणांची. भाचीकडे परीक्षा नाही. पीवायपीत आयबीची बाहेरून परीक्षा नसतेच. त्याऐवजी आठवड्यात काय जमलं, काय नाही हे मूल स्वतः लिहितं. तिने लिहिलं होतं, 'मला पावणे समजलं नाही, भावाने शिकवलं.' शेवटच्या वर्षी, म्हणजे पाचवीला, मुलं एखादा प्रश्न निवडून प्रदर्शन मांडतात. शनिवारी तिला सुट्टी, आमची सकाळची शाळा.

आता ज्या गोष्टी मला तिकडे खटकल्या त्या. पाढे. सात आठे किती विचारल्यावर तिने 'सात चोक अठ्ठावीस' याच्या इंग्रजी अवताराची दुप्पट केली. बरोबर आलं, आणि गुणाकार म्हणजे काय हे तिला माझ्या मुलापेक्षा नीट कळलं आहे यात शंका नाही. पण उत्तराला आठ सेकंद लागले. आमचे चिरंजीव झोपेतही छप्पन्न म्हणतील, मात्र शाब्दिक उदाहरण आलं की पहिला प्रश्न ठरलेला: 'आई, गुणायचं की भागायचं?' दुसरं म्हणजे मराठी. २०२०च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीचं झालं आहे, त्यामुळे तास आहे. आठवड्याला दोन. दोन तासांत मूल सत्तावीस आणि सदतीस यांत गोंधळणारच. आजी फोनवर बोलली की भाची अर्ध्या वाक्याला मला विचारायची, 'मावशी, म्हणजे काय?' तिसरं, तक्ते आणि सादरीकरणं. काहींची सुबक अक्षरं बघता त्यात आईचा हात किती हे कुठल्याही आईला ओळखू येतं.

सीबीएसई यांच्या मधे आहे असं लोक म्हणतात. मला ते शाळेगणिक बदलतं असं वाटतं. बदलीची नोकरी असेल तर मात्र सीबीएसईसारखी सोय नाही. केंब्रिज हे आयबी नव्हे: तिथे इंग्रजी, गणित, विज्ञान असे विषय वेगळे राहतात, इयत्तावार काय यायला हवं हे ठरलेलं असतं आणि प्राथमिकच्या शेवटी 'चेकपॉइंट' चाचणी घेता येते. मुलाला आयबीचा मोकळेपणा झेपणार नाही असं वाटणाऱ्या पालकांनी ते जरूर बघावं.

पैशाचं स्पष्ट बोलते. ताई वर्षाला जे भरते त्यात आमच्या शाळेची पहिली ते दहावी होऊन वर सहल निघेल. शिवाय बस, जेवण, टॅब. आणि फी वरच्या इयत्तांत चढत जाते. त्यामुळे मामेभावाला मी सांगितलं, पहिलीची फी बघू नकोस, अकरावी-बारावीची विचार. आयबीच्या अकरावी-बारावीला डिप्लोमा म्हणतात, त्याला सहा विषयांचे प्रत्येकी जास्तीत जास्त सात आणि वरचे तीन मिळून पंचेचाळीस गुण असतात. परदेशी विद्यापीठांना तो चांगला ठाऊक आहे, आणि भारतातही बारावीला समकक्ष धरला जातो. पण मुलीला इथेच इंजिनीअरिंग करायचं असेल, तर एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीवर बेतलेली असते, अकरावीचा वाटा साधारण वीस टक्के, बारावीचा ऐंशी. जेईई आणि नीटला एनसीईआरटीची पुस्तकं लागतात. म्हणजे कुठेतरी उडी मारावी लागणार. ती पाचवी-सहावीला मारली तर मूल वर्षभरात रुळतं, नववीला मारली तर घरादाराचे हाल. इकडून तिकडे जाणाऱ्याला इंग्रजी बोलण्याचा धसका असतो, तिकडून इकडे येणाऱ्याला तीन तास एका जागी बसून लिहिण्याचा.

शाळा बघायला जाशील तेव्हा स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात जाऊ नकोस, असंही त्याला म्हटलं. साधा बुधवार निवड. मागच्या महिन्याची भरलेली वही बघायला माग, सजवलेला तक्ता नको. वाचायला कोण शिकवतं, मागे पडलेल्या मुलाचं काय करता, आणि वर्गशिक्षिका किती वर्षं इथे आहेत, हे तीन प्रश्न विचार. शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा, कारण प्रश्नांतून शिकवणं हे पुस्तकातून शिकवण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे आणि दर जूनला नवी बाई आली तर त्या सहा सूत्रांचे नुसते सहा तक्ते उरतात. आमच्याकडे बाई कच्च्या असल्या तरी निदान बालभारतीचं पुस्तक मुलाच्या हातात असतं.

मामेभाऊ आणि त्याची बायको दोघंही संध्याकाळी आठनंतर घरी येतात. तरी त्यांचं घर बोलकं आहे, मुलीच्या दर प्रश्नाला तिचा आजोबा एक गोष्ट काढतो. घोटून घ्यायला मात्र कुणी नाही. त्यामुळे माझं मत त्यांच्यापुरतं चांगल्या मराठी शाळेकडे झुकतं. ताईच्या घरी उलट आहे, तिथे तिची सासूच निवृत्त गणिताची शिक्षिका. तिला आयबी परवडते, दोन्ही अर्थांनी. पाढे इतके दिवस कुणी घेतले नाहीत ते शाळेच्या भरवशावर राहून.

दिवाळीच्या सुट्टीत भाची पुन्हा आमच्याकडे येणार आहे, पावकी-निमकीसकट पाढे करायला. त्या बदल्यात चिरंजिवांची अट आहे की त्यांना पहाटे पाचला मार्केटयार्डात न्यायचं. कॅरेटचा भाव त्यांना स्वतः विचारायचा आहे.