लासोटा लस: माझं मत

कोंबड्यांच्या मानमोडीवर (राणीखेत रोगावर) औषध नाही. हिरवट हगवण लागली, माना पिळवटायला लागल्या की लोक धावत जाऊन अँटिबायोटिकची पुडी आणतात, पण विषाणूला ती लागूच पडत नाही. म्हणून माझा खर्च टॉनिकवर नाही, मानमोडीच्या लासोटा लसीवर असतो. पाचपैकी चार गुण देते.

तळाशी पांढरट वडी असलेली ही इवलीशी कुपी. आत जिवंत पण सौम्य विषाणू असतो, म्हणून दुकानातून शेडपर्यंत ती 2 ते 8 अंशांतच यायला हवी. बर्फाच्या डब्याशिवाय कुपी हातात ठेवणाऱ्या दुकानदाराकडून मी घेत नाही.

पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या डोळ्यात एक थेंब. वेळखाऊ आहे, पण एकही पिल्लू सुटत नाही. चौथ्या आठवड्याच्या सुमाराची दुसरी मात्रा बहुतेक जण पाण्यातून देतात आणि लस वाया जाते ती इथेच. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन विषाणूला मारतं. क्लोरीन नसलेलं पाणी घ्यायचं, लिटरला 2 ते 2.5 ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर आधी मिसळायची, मग लस. त्याआधी तास-दोन तास पक्षी तहानलेले ठेवायचे (कडक उन्हात कमी) आणि दोन तासांत सगळं पाणी संपेल एवढंच करायचं. भांडी भरपूर मांडा, नाहीतर दांडग्या कोंबड्या पिऊन जातात आणि दबकी तशीच राहते.

नंतर थोडे दिवस शिंका, हलकी घरघर होते. ती आपोआप जाते. कळपात आधीच श्वासाचा जुना आजार असेल तर मात्र हेच अंगावर येतं, म्हणून आजारी पक्ष्यांना देऊ नका.

कापलेला एक गुण कुपीच्या आकाराचा. परसात पंधरा-वीस कोंबड्या असणाऱ्याने शेकडो मात्रांचं काय करायचं? एकदा कालवली की ठेवता येत नाही. शेजारीपाजारी मिळून एकाच सकाळी लसीकरण उरकणं बरं.

आणखी एक. कोंबड्यांच्या देवी रोगाची लस पंखाच्या पडद्यात टोचली की आठ-दहा दिवसांत तिथे गाठ किंवा खपली दिसते, लागली हे कळतं. लासोटाचं तसं काही दिसत नाही, रक्त तपासावं लागतं. त्यात तीन ते सहा आठवड्यांच्या वयात गंबोरो हा विषाणूचा आजार येऊन गेला असेल तर पक्ष्याची प्रतिकारशक्तीच खचलेली असते, मग लासोटा कितीही नीट दिली तरी अपुरी पडते. त्यामुळे गंबोरोची लस वेगळी, वेळेवर. मरेक्स या लकव्याच्या आणि गाठींच्या आजाराची लस तर पहिल्याच दिवशी हॅचरीत झालेली असावी, पिल्लं घेताना विचारा.

अंड्यावरच्या कोंबड्यांना एवढ्यावर भागत नाही. आठव्या आठवड्यानंतर आर-टू-बी या मानमोडीच्याच अधिक तीव्र लसीचं इंजेक्शन लागतं, ते पशुवैद्यकाला विचारूनच.

रिकामी कुपी उकळून मगच टाका. लस देताना चष्मा लावा, थेंब डोळ्यात उडाला तर आपलेही डोळे येतात.