सेन्सर क्लीनिंग किट, सात महिन्यांनंतर (आणि त्या झाकणाबद्दल जरा जास्तच)

जानेवारीत जळगाव जिल्ह्यातल्या हतनूर धरणावर कॅमेरा घेऊन पक्षी टिपायला गेलो, घरी येऊन लॅपटॉपवर बघतो तर प्रत्येक फोटोत आभाळात तेच पाच काळपट ठिपके. म्हणजे सेन्सरवर, फोटो टिपणाऱ्या चिपवर, धूळ. लग्नात कधी दिसले नव्हते कारण तिथे मी एफ २.८, म्हणजे लेन्सचं मोठं छिद्र, सोडत नाही, एफ १६ च्या बारीक छिद्राला सगळं उघडं पडतं. दुकानात विचारलं तर म्हणे, "पुण्याला पाठवावा लागीन भो, १२०० रुपये, पंधरा दिवस." १२०० रुपये कशाचे, पुसायचे?

मग ६५० चं किट मागवलं, १२ स्वॅब (सेन्सर पुसायच्या चपट्या काड्या) आणि लिक्विडची बाटली. माझी कॅमेरा बॉडी एपीएस-सी, म्हणजे लहान सेन्सरची, म्हणून १६ एमएमचे, मोठ्या सेन्सरच्या फुल फ्रेमवाल्यांनी २४ एमएमचे बघा. बॅटरी फुल करून मेनूतून सेन्सरपुढचा आरसा वर घेतला आणि स्वॅबवर दोन थेंब टाकायला गेलो तर बाटलीतून भसकन पाच-सहा पडले. तसंच पुसलं आणि काचेवर इंद्रधनुष्यासारखे ओघळ उठले. पोटात गोळाच आला. दुसऱ्या कोरड्या स्वॅबने निघाले, पण रागात रिव्ह्यूत एक स्टार देऊन मोकळा झालो.

तो स्टार आता तीन करतोय, कारण निम्मी चूक माझीच होती. बाटली दाबायचीच नाही, तोंड स्वॅबच्या कडेला नुसतं टेकवायचं आणि थोडं मुरू द्यायचं. एका बाजूने एकदाच सरळ ओढायचं, मग स्वॅब उलटून परत, बास. घासायचं नाही. दुसऱ्यांदा आधी रबरी ब्लोअर (हवा मारायचा फुगा) मारला, कॅमेरा पालथा धरून, तर तेव्हाच्या चारपैकी तीन ठिपके तिथेच गेले. पहिल्यांदाच हे केलं असतं तर दोन स्वॅब वाचले असते ना! तोंडाने फुंकर मारू नका, थुंकी उडते. आणि फोटोत वर दिसणारा ठिपका सेन्सरवर खाली असतो, समोरून बघताना डावं-उजवं मात्र तेच राहतं, मी आधी भलतीकडेच शोधत बसलो होतो.

मे महिन्यात तर कहरच. धूळ उडू नये म्हणून कूलर, पंखा सगळं बंद, आणि बाहेर जळगावचं ऊन. कपाळाला रुमाल बांधून बसलो होतो, तरी नाकावरून घामाचा थेंब निघालाच, मान वळवली म्हणून मांडीवर पडला. आता पहाटे पाचला करतो, आई विचारते पूजा आहे का.

पण झाकण! ते घट्ट बसतच नाही. पत्र्याच्या खोलीत बाटली ठेवली होती, जूनमध्ये बघतो तर अर्धी उडून गेलेली. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणतो तुम्ही वापरली असेल. अरे, पाच स्वॅबला अर्धी बाटली? वापरलेला स्वॅब परत सेन्सरला लावायचा नाही, त्यात अडकलेल्या कणाने चरा पडू शकतो, तेवढं मी पाळतो. फेकवत मात्र नाही, कीबोर्ड पुसायला ठेवलेत.

सात स्वॅब उरलेत, लिक्विड जेमतेम तीन वेळचं. सध्या झाकणाला टेप गुंडाळलाय आणि बाटली आईच्या लोणच्याच्या बरणीशेजारी, घरात गार जागा तेवढीच.